महबूबा क्लबची एकुलती एक प्रत

हारूबने लाल मखमल उलगडली तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दरवर्षीच वाजवायचे. रमजानच्या तोंडावर महबूबा क्लबची सभा भरली की हा चिटणीस कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडायचा, मखमलीत गुंडाळलेली हार्ड डिस्क दोन्ही हातांनी उंच धरायचा आणि म्हणायचा, "आपली ठेव सुखरूप आहे." मग परत गुंडाळायचा, कुलूप लावायचा, आणि लोक कॉफी प्यायला उठायचे. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. या नऊ वर्षांत ती डिस्क एकदाही कॉम्प्युटरला लावून बघावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ज्यांच्या आलं त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. अहो, घरातलं लोणचंसुद्धा माणूस मधूनमधून बरणी उघडून बघतो.

बी झुवेनाही, म्हणजे झुवेनाबाईही, टाळ्या वाजवणाऱ्यांतच होती. त्या डिस्कवर क्लबची चाळीसेक गाणी होती आणि त्यातली बहुतेक तिच्या गळ्यातली. झांझिबारात ईद असो की लग्न, ताराब गाण्यांची मैफल हवीच. आणि एक काळ असा होता की मैफलीत झुवेना नसली तर बायका अर्ध्यातून उठून घरी जायच्या. मग गळ्याला गाठ झाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. आता ती बोलायची ते अंगणातून सुक्या झावळ्या ओढत नेल्यासारखं. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल, समोरच्याला नाही. तिने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. माझा आवाज कपाटात आहे, असं ती हसून सांगायची.

यंदा मात्र टाळ्या थांबल्यावर तिने हात वर केला. तिची भाची शेमसा ईदेच्या मैफलीत ‘मोसमाचं वारं’ म्हणणार होती. झुवेनाचं सगळ्यांत गाजलेलं गाणं ते. नवऱ्याचं गलबत गेलं, वारं फिरलं, तरी गलबत परत आलं नाही, आणि बाई किनाऱ्यावर उभी राहून वाऱ्यालाच शिव्या घालते, असं. शब्द झुवेनाला पाठ होते, पण नुसत्या शब्दांनी काय होतं? शेवटच्या कडव्यात सूर कुठे सोडायचा, कुठे नुसता श्वास धरून ठेवायचा, ते गाऊनच दाखवायला लागतं, आणि ती गाणार कशाने? व्हायोलिनवाले मकामे वारले, ऊद वाजवणारे त्यांच्याही आधी गेले. तेव्हा डिस्क लावा आणि पोरीला ऐकवा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हारूबचा चेहरा असा झाला, जसं काही तिने त्याच्या बायकोलाच स्टेजवर नाचायला बोलावलं. उगाच कशाला हात लावायचा, वीज कमीजास्त होते, ठेव म्हणजे काय रोज चाळवायची वस्तू आहे का, असं बरंच झालं. पण शेमसाने आधीच खजिनदाराचा लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला होता. वायर जोडली. डिस्कमधून टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. मग काहीच नाही. हारूबने ती काढून मखमलीने पुसली आणि परत जोडली. जशी काही बाहेरची धूळच आड येत होती.

दुसऱ्या दिवशी दाराजानी बाजारात सलूमच्या दुकानात सगळी वरात गेली. सलूम मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर काय म्हणाल ते उघडून बसतो आणि बोलायला महाफटकळ. त्याने डिस्क कानाला लावली आणि विचारलं, दुसरी कॉपी कुठाय? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बरं, मूळ टेपा? हारूबने डोक्यावरची कोफिया काढली आणि तिच्या नक्षीकडे बघत बसला.

मूळ टेपांचं काय झालं ते आता ऐका. नऊ वर्षांपूर्वी क्लबने जुन्या कॅसेटी एका जाणत्या पोराकडून डिस्कवर भरून घेतल्या. चांगलं काम झालं. पण हारूबला लगेच दुसरीच चिंता लागली. महबूबा आणि वारिदी या दोन क्लबांचं वैर आज्यांच्या काळापासूनचं. यांनी गाण्यातून टोमणा मारायचा, त्यांनी पुढच्या मैफलीत उत्तर द्यायचं, त्यावर यांनी पुन्हा. आणि आख्खं शहर कोणाच्या कडव्याने कोणाचं नाक कापलं याचा हिशेब ठेवत बसायचं. त्यामुळे आपलं गाणं दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये, हा दोन्हीकडचा कायदा. कॅसेटी अशाच पडून राहिल्या तर कधीतरी वारिदीच्या बायकांच्या हाती लागतील, असं म्हणून हारूबने त्या पोत्यात भरल्या, होडी केली आणि फोरोधानीच्या समोर भर समुद्रात नेऊन सोडल्या. पोत्यात दगडसुद्धा घातले, वर येऊ नयेत म्हणून. आणि परत आल्यावर त्याचा सत्कार झाला.

सलूमने हे ऐकलं आणि हातातला स्क्रू खाली ठेवला. "ब्वाना, हे डबे पाच-सहा वर्षं चालले तर चालले. पुढचं सगळं नशीब. वापरते ठेवायचे, अधूनमधून नव्यावर उतरवून घ्यायचं, आणि एक इथे, एक तिथे, एक गावाबाहेर असं ठेवायचं. तुम्ही खाऱ्या हवेत बंद कपाटात नऊ वर्षं मढं जपलंत." मग तो म्हणाला की दार-एस-सलामला एक जण आतली चकती उघडून बघतो, त्याला दाखवा.

झुवेना आणि शेमसा बोटीने दारला गेल्या. उपास, ऊन, त्यात बोट हेलकावे खाणारी. तिथल्या माणसाने काचेच्या पेटीत डिस्क उघडली आणि त्यांना आत बघायला सांगितलं. आरशासारख्या चकतीवर गोल चरा पडला होता. टक् टक् करून पुन्हा पुन्हा चालवली तेव्हा आतल्या सुईने खरवडून काढलं, तो म्हणाला. पण त्याआधीच ती गंजून बसली असणार. यातून काही निघणार नाही. झुवेनाने विचारलं, एखादं गाणं? अर्धं? तो तिच्याकडे नीट वळला, कारण तिचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं, आणि तिला तो प्रश्न दोनदा विचारावा लागला. परतीच्या बोटीत ती डिस्क तिच्या मांडीवर होती.

आता इथे माणसाला निदान लाज वाटेल की नाही? पुढच्या सभेत हारूब उठला, अल्लाची मर्जी म्हणाला, दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले आणि पुढच्या विषयाकडे वळला. पुढचा विषय होता ईदेच्या मैफलीसाठी खुर्च्या भाड्याने कुणाकडून घ्यायच्या. झुवेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अल्लाने सांगितलं होतं का पोत्यात दगड घालायला? ती हे बोललीसुद्धा, पण त्या झावळ्यांच्या आवाजात, आणि पलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या बऱ्या की लोखंडी यावर मोठमोठ्याने चाललेलं. कुणाला ऐकूच गेलं नाही. तीस वर्षं ज्या बाईच्या एका तानेवर हे लोक जागच्या जागी गप्प व्हायचे, तिला आता खुर्च्यांच्या खाली दाबून टाकलं होतं.

घरी येताना शेमसा म्हणाली, "मावशी, चिडणार नसलीस तर एक सांगू? वारिदीकडे असतील."

झुवेना वाटेतच थांबली. वारिदीच्या बायका मैफलीला येताना काळ्या बुईबुईखाली, म्हणजे बुरख्याखाली, टेपरेकॉर्डर लपवून आणतात, हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. हारूब दारात उभा राहून बायकांच्या पिशव्या तपासायचा, पण बुईबुईच्या आत बघायची त्याची काय छाती. झुवेनाने तेव्हा स्टेजवरून या चोरट्यांचा माईकमध्ये उद्धार केलेला होता. आणि आता त्यांच्याच दारात जाऊन उभं राहायचं? ती म्हणाली, त्यापेक्षा मी मुकी मरेन. शेमसा म्हणाली, मुकी तर तू आहेसच. मावशीला असं तोंडावर बोलायची शेमसाची ही पहिलीच वेळ. झुवेनाने रागाने तिचा हात झिडकारला, दोन गल्ल्या एकटीच चालली, आणि तिसऱ्या गल्लीत तिला कळलं की पोरगी बरोबर बोलली.

वारिदीची गनीमा मकुनाझिनी मोहल्ल्यात राहते. झुवेनाच्याच वयाची, एका गुडघ्याने लंगडी, जीभ मात्र अजून धावती. उपास सोडून झाल्यावर दोघी गेल्या. गनीमाने दार उघडलं, झुवेनाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "या बाईसाहेब. चोरांच्या घरी वाट चुकलात का?"

झुवेनाने येताना चार वाक्यं मनात जुळवून आणली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली. तिने फक्त सांगितलं की डिस्क मेली. गनीमाने एक हात कानामागे धरून ते नीट ऐकून घेतलं. कॉफी ओतली आणि हलव्याची ताटली पुढे सरकवली.

मग तिने पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात कॅसेटी, त्यावर सीड्या, त्यावर रबर लावलेला एक जुना फोन. दर दोन-चार वर्षांनी ती सगळं नव्यावर उतरवून घ्यायची. आणि एकटी तीच नव्हे. वारिदीच्या प्रत्येक बाईच्या घरात असा एकेक डबा होता. झुवेनाच्या कडव्याला उत्तर द्यायचं तर ते कडवं शंभर वेळा ऐकायला हवं, आणि एकीने दुसरीकडे टेप मागितली तर ती देताना उपकार केल्यासारखं तोंड करायची. "आमच्यात कोणाचा कोणावर विश्वास नाही," गनीमा म्हणाली. "म्हणून जिची तिने वेगळी ठेवली. आशाच्या घरात पाणी शिरलं, तिचं गेलं. झैनाच्या सुनेने तिच्या टेपांवर मुलाचं बोबडं बोलणं भरलं. तरी माझ्याकडे होतं, तिसरीकडे होतं."

झुवेनाच्या मनात संताप उसळला तो असा की कोणावर काढावा तेच कळेना. चोरांनी जपलं होतं आणि राखणदाराने बुडवलं होतं. तिने कपाळाला हात लावला.

गनीमाने जुना फोन चालू केला. खरखर झाली, माणसांचा गलबला ऐकू आला, खुर्च्या सरकल्या आणि मकामेंचं व्हायोलिन सुरू झालं. शेमसा पुढे सरकली. मग झुवेनाचा आवाज आला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, भरलेला, दाणेदार. पण त्यावर दुसरेही आवाज होते, अगदी जवळचे, कारण रेकॉर्डर बायकांच्या घोळक्यात मांडीवर होता. एक म्हणाली, मानेच्या शिरा बघ, दोरखंड झालेत. दुसरी म्हणाली, ती कानातली उसनी आहेत, माझ्या नणंदेची. मग सगळ्या खिदळल्या. झुवेनाने गनीमाकडे अशी नजर टाकली की दुसरी कुणी असती तर फोन बंद केला असता.

"उसनी नव्हती," झुवेना म्हणाली.

"उसनीच होती. पुढे ऐक."

शेवटचं कडवं आलं. बाई वाऱ्याला म्हणते की तू त्याला नेलंस तसा आता मला तरी ने. सूर वर गेला आणि तिथे थांबला, आणि झुवेनाने श्वास नुसता धरून ठेवला. टेपवरच्या बायका एकदम गप्प झाल्या. खोकलासुद्धा नाही, बांगडीसुद्धा नाही. कडवं संपलं, आणि मग रेकॉर्डरच्या अगदी जवळून एक आवाज हळूच म्हणाला, "मेलीचा गळा मात्र आहे हो."

तो आवाज गनीमाचा होता. गनीमाने कॉफीचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी तिने तो तोंडाला लावला. झुवेनाने बुईबुईच्या टोकाने डोळे पुसले आणि विचारलं, "मला हे हवंय. बदल्यात काय घेशील?"

"घेऊ काय तुझ्याकडून?" गनीमा भडकली. "तुमच्या त्या हारूबने पोतं बुडवलं हे ऐकलं तेव्हा मी जेवले नव्हते. अगं, माझी जन्माची गाणी म्हणजे तुला दिलेली उत्तरं. तुझीच गेली तर माझी उत्तरं कशाची? लोक म्हणतील, ही बाई भिंतीशी भांडत होती." तिने शेमसाचा फोन हातातून ओढून घेतला, आणि तिथल्या तिथे, एकेक करून, होतं तेवढं सगळं तिच्या फोनवर पाठवलं. सगळ्यांच्या डब्यांतलं मिळून होती तेरा गाणी. बाकीची रेकॉर्ड करताना कधी सेल संपला होता, कधी बाईला जागाच लांबची मिळाली होती.

शेमसाने त्याच आठवड्यात क्लबमधल्या बायकांच्या फोनवर ती गाणी पाठवली, आणि रोज दुपारी मावशीसमोर बसून ‘मोसमाचं वारं’ घोटायला लागली. झुवेना हाताने सूर दाखवायची, चुकलं की गुडघ्यावर चापट मारायची. कित्येक वर्षांत ती इतकी खूश नव्हती.

हारूबला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने उपास सोडायच्या वेळेनंतर तातडीची सभा बोलावली. सगळ्यांना वाटलं, माणूस आता माफी मागेल. तो उभा राहिला आणि म्हणाला की वारिदीने आपली गाणी चोरली हे आता सिद्ध झालं. त्यांनी आपल्या सगळ्या प्रती नष्ट कराव्यात असा ठराव आपण करू. क्लबची गाणी अशी फोनाफोनीतून बाजारात फिरणं ही अब्रूची गोष्ट आहे. तेव्हा एक प्रत नव्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवली जाईल आणि बाकीच्यांनी आपापल्या फोनवरून आत्ता, इथे, ती काढून टाकावीत. नवी डिस्क त्याने आणलेली होती. मखमल तीच जुनी.

झुवेनाला वाटलं, आता लोक हसतील. कुणी हसलं नाही. चिटणीस तो, सभागृहाची किल्ली त्याच्याकडे, ईदेला कोण गाणार हे तो ठरवणार. पहिल्या रांगेतल्या बाईने फोन काढून त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा नाकावर घेऊन बघितलं आणि तिने अंगठ्याने गाणी पुसली. मग दुसरीने. तिसरीने झुवेनाकडे बघायचं टाळलं, पण पुसली. आपल्या डोळ्यांदेखत आपला आवाज माणसामाणसातून खरडून काढला जातोय, आणि ही माणसं सलाम-दुआची, लग्नामौतीला एका ताटात जेवलेली. झुवेना उठली. बोलून उपयोग नव्हता हे तिला कळत होतं. कॉफीची पितळी किटली होती, ती तिने उचलली आणि टेबलावर आपटली. सगळे गप्प झाले.

"नऊ वर्षं मी तुझ्या कपाटात होते, हारूब," ती म्हणाली, आणि त्या शांततेत झावळ्यांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "तू मला एकदा तरी उघडून बघितलंस? आणि आता परत आत घालतोस?"

हारूब म्हणाला की प्रश्न व्यक्तीचा नाही, शिस्तीचा आहे. गाणी क्लबची आहेत, बी झुवेनाची नाहीत. ज्याला नियम मान्य नाही त्याने जावं.

मग ती गेली. चाळीस वर्षं ज्या दारातून वाजतगाजत आत आली त्याच दारातून किटली हातात घेऊन बाहेर पडली, आणि गल्लीत गेल्यावर तिला कळलं की किटली क्लबची आहे. परत द्यायला ती गेली नाही. शेमसा पाठोपाठ आली. तिने फोन पुढे धरला नव्हता, त्यामुळे महबूबाच्या ईदेच्या मैफलीतून तिचं नाव कटलं होतं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी वारिदीची मैफल. दुसऱ्या क्लबच्या मानकऱ्यांना पहिल्या रांगेत बसवायचं हा जुना रिवाज; समोर बसवल्याशिवाय टोमणा लागायचा कोणाला? आणि बोलावल्यावर न जाणं म्हणजे घाबरलो असं कबूल करणं. म्हणून हारूब आला होता, इस्त्रीचा पायघोळ कांझू, नवी कोफिया. झुवेना बायकांच्या बाजूला मागे बसली होती. लोक माना वळवून बघत होते, महबूबाची झुवेना वारिदीच्या मांडवात कशी म्हणून.

आधी गनीमाने बोलावलेली शेमसा उभी राहिली. वारिदीच्या स्टेजवर महबूबाचं गाणं, हे त्या शहरात कधी झालं नव्हतं. पहिल्या ओळीला लोक कुजबुजले. शेवटच्या कडव्यात तिने सूर वर नेला आणि श्वास धरून ठेवला, मावशीने गुडघ्यावर चापट मारून शिकवला तिथेच. झुवेनाचा हात आपोआप वर गेला होता. तो तिने खाली घेतला तेव्हा शेजारची अनोळखी बाई तिचं मनगट धरून बसली होती.

मग गनीमा लंगडत पुढे आली. यंदा तिचं गाणं नवं होतं.

"अत्तर माझं कोंडून ठेवलंस, किल्ली कमरेला लावून,
उघडलीस कुपी तेव्हा बघ, गेलं होतं ते उडून."

नाव घेतलेलं नव्हतं. ताराबमध्ये नाव घेत नाहीत. ते कडवं आपल्या वैऱ्याला लागावं असं ज्याला वाटतं तो उठतो, नाचत स्टेजपर्यंत जातो आणि गाणारीवर दौलतजादा करतो. मग लोक बघतात की हा कोणाकडे तोंड करून उभा राहतो. झुवेना उठली. आयुष्यभर तिने स्टेजवरून हे पाहिलं होतं, स्वतः कधी चालत गेली नव्हती. वारिदीच्या गाणारीवर दौलतजादा करायला महबूबाची झुवेना निघाली तशा बायका खुर्च्यांवर चढल्या. ती सावकाश गेली, खांदे हलवत, एक हात डोक्यावर धरून. नोट गनीमाच्या कपाळाला लावली. आणि वळून हारूबकडे तोंड करून उभी राहिली.

आख्खा मांडव हारूबकडे बघत होता. कुणीतरी जीभ हलवून तो लग्नातला किलकिलाट केला, मग चहूकडून तोच. हारूब कोफिया सारखी करत राहिला. गनीमाने माईक झुवेनाच्या तोंडापुढे धरला. कित्येक वर्षांत तो तिच्यापुढे कुणी धरला नव्हता. वाद्यं थांबली. माईकमधून तो फाटका आवाज बाहेर आला आणि सगळ्यांना तो पहिल्यांदा नीट ऐकू गेला.

"माझी गाणी गनीमाकडे आहेत, शेमसाकडे आहेत. ज्याला हवीत त्याने न्यावीत. पुढे आणखी दोघांना द्या. कुलपात कुणी घालू नका."

हारूब तेव्हाच उठून बाहेर पडला. तो गेल्यावर महबूबाच्या ज्या बायकांनी सभेत फोन पुढे धरले होते त्या शेमसाभोवती गोळा झाल्या, एकमेकींना ढकलत, मला आधी दे, मला आधी. पहिल्या रांगेतली ती बाईही त्यात होती. झुवेनाने तिला पाहिलं आणि नजर वळवली. मग पुन्हा बघितलं आणि शेमसाला म्हणाली, हिलाही दे.

तेरा गाणी आता कुठे कुठे आहेत याचा पत्ता कुणालाच नाही. पेंबाच्या बोटीवर ऐकू येतात, मस्कतला दिलेल्या मुलींच्या घरात वाजतात, आणि सगळीकडे त्या बायकांच्या खिदळण्यासकट. बाकीची सत्तावीस-अठ्ठावीस फोरोधानीसमोर तळाशी आहेत, पोत्यात, दगडांबरोबर. लोक झुवेनाला म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं, ईदेला हारूबला सलाम तरी कर. ती त्या सत्तावीस-अठ्ठावीस गाण्यांची नावं एकेक करून त्यांना म्हणून दाखवते, आणि सलाम करत नाही.